चाक तापतंय, ब्रेक सोडत नाहीये : कॅलिपर जाम होतो म्हणजे नेमकं काय होतं

मागच्या वर्षी जुलैत ठाण्याहून ऐरोलीला घरी येत होतो, कळवा, विटावा, नेहमीचाच रस्ता आणि नेहमीचीच रांग, आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचलेल्या पाण्यातून गाडी काढली तर डाव्या पुढच्या चाकातून चुर्रर्र असा आवाज आला. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारला की येतो ना, तस्सा. पाठोपाठ वाफ. मागचा रिक्षावाला हॉर्न मारतोय आणि मी आरशात बघतोय की गाडी पेटली की काय.

पेटली नव्हती. डावा पुढचा ब्रेक सोडतच नव्हता, म्हणजे मी पेडलवरून पाय काढला तरी पॅड डिस्कला धरूनच बसलेले, आणि तसंच दहा-बारा किलोमीटर घासत आलेलो. खरं तर आधीच कळायला हवं होतं. ॲव्हरेज कमी झालं होतं, गाडी जराशी डावीकडे ओढत होती, जळका वास यायचा आणि तो मी पुढच्या ट्रकच्या क्लचवर ढकलायचो. वर सात महिन्यांत दोनदा पॅड बदलून झाले होते. एका गॅरेजने पहिल्यांदा सांगितलं पॅड संपलेत, दुसऱ्यांदा सांगितलं आधीचे पॅड लोकल होते, तिसऱ्यांदा सांगितलं आता अख्खा कॅलिपरच टाकायला लागेल, आणि तो टाकला. बिल भरलं. आठवड्याभरात पुन्हा चाक गरम.

म्हणून हे लिहितोय. कॅलिपर जाम झाला की गॅरेजमधून दोनच उत्तरं येतात, एकतर ‘साफ करून ग्रीस मारून देतो’ किंवा ‘नवीन टाका’, आणि ब्रेक धरतोय तो नक्की कुठल्या जागी हे बघायची तसदी फार कमी जण घेतात. जागा चारच आहेत. ती शोधली की पुढचं काम सोपं, नाही शोधली तर माझ्यासारखं होतं.

आधी हे यंत्र काम कसं करतं ते बघू, कारण ते कळल्याशिवाय बाकीचं सगळं डोक्यावरून जाईल. चाकाबरोबर एक लोखंडी थाळी फिरते, ती डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड. आणि त्या दोघांना कवेत घेऊन बसलेला जो ओतीव लोखंडाचा तुकडा, तो कॅलिपर. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत पिस्टन, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे सरकणारा दट्ट्या, फक्त आतल्या बाजूला असतो, बाहेरच्या बाजूला काहीच नसतं, मग बाहेरचा पॅड दाबला कसा जातो? सुताराचा शिकंजा आठवा. स्क्रू एकाच बाजूला असतो, पण तो आवळला की दुसरा जबडा आपोआप खेचला जातो आणि लाकूड मधे दाबलं जातं. इथेही तेच, पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्या धक्क्याने अख्खा कॅलिपर उलट्या दिशेला सरकून बाहेरचा पॅड खेचून आणतो. हे सरकणं होतं दोन गुळगुळीत पिनांवर, कपाटाचा ड्रॉवर चॅनलवर सरकतो तसं. चॅनल गंजलं की ड्रॉवर अडकतो, पिन गंजली की कॅलिपर अडकतो.

आता पाय काढल्यावर पिस्टन मागे कोण नेतं? इथे भलेभले चुकतात. लोकांना वाटतं आत स्प्रिंग असेल. ड्रम ब्रेकमध्ये असते, पण साध्या डिस्क कॅलिपरच्या पिस्टनला स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी कापाची एक रबरी रिंग असते, सील म्हणतात ती. टेबलावर खोडरबर ठेवा, बोटाने दाबून धरा आणि बोट जरासं पुढे ढकला, खोडरबर घसरणार नाही पण थोडं तिरकं होईल, आणि जोर काढला की परत सरळ. ते सील अगदी हेच करतं. पिस्टन पुढे जाताना त्याच्याबरोबर तिरकं होतं, दाब गेला की सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं. किती मागे? मिलिमीटरच्या काही भागाएवढं, केसभर म्हणा. तेवढ्यावरच चाक मोकळं फिरतं. एवढ्या नाजूक हिशोबावर चाललेल्या वस्तूत गंज, चिखल, कडक झालेलं रबर यातलं काहीही आलं की केसभर अंतर गेलं आणि ब्रेक धरला.

तर त्या चार जागा म्हणजे पिस्टन आणि त्याचं सील, सरकायच्या पिना, पॅड ज्या खाचेत बसतो ती ब्रॅकेट, आणि चौथी जी कॅलिपरमध्ये नाहीच, ती म्हणजे ऑइलचा मार्ग, त्यात रबरी होज, म्हणजे कॅलिपरला ऑइल पोचवणारा पाइप, आणि पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणारं वरचं मास्टर सिलिंडर आलं. पहिल्या तीन लोखंडाच्या भानगडी आहेत, चौथी दाबाची. माझी चौथी होती आणि मी पहिल्या तिघांवर पैसे घालत बसलो.

ओळखायचं कसं. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून या, शक्य तेवढा ब्रेक कमी वापरा, थांबल्यावर चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू न्या. लावू नका, नुसती जवळ न्या, डिस्क सहज भाजण्याइतकी तापलेली असते. पुढची दोन चाकं मागच्यांपेक्षा गरम असणं बरोबर आहे, जास्त काम तीच करतात. तुलना करायची ती डाव्या-उजव्याची. एक कोमट आणि दुसऱ्याजवळ हात ठेववत नाही, तर तेच चाक गुन्हेगार. दुरून तापमान मोजायचं पिस्तुलासारखं थर्मामीटर ऑनलाइन मिळतं, ते असेल तर उत्तमच.

मग सपाट जागी गाडी लावा, गिअर न्यूट्रल, मागच्या चाकांना विटा, नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, जॅक लावा आणि खाली जॅक स्टँड ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका, डिकीतला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. चाक हाताने फिरवा. खसखस असा हलका घासल्याचा आवाज चालतो, पण दोन्ही हातांनी जोर लावावा लागला तर धरलंय. आता कुणाला तरी आत बसवून ब्रेक दाबायला आणि सोडायला सांगा, सोडल्यावर चाक लगेच मोकळं होतं का ते बघा.

आणि आता ती दोन मिनिटांची टेस्ट, जी त्या गॅरेजने तीन फेऱ्यांत एकदाही केली नाही. कॅलिपरच्या मागे वरच्या अंगाला एअर, म्हणजे ऑइलमध्ये शिरलेली हवा, काढायचं निप्पल असतं, त्यावर छोटी रबरी टोपी. टोपी काढा, रिंग पाना लावा, निप्पलवर पारदर्शक नळी खोचून दुसरं टोक बाटलीत सोडा, आणि चाक धरलेलं असतानाच निप्पल अर्धा आटा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक एकदम मोकळं झालं, तर लोखंडात दोष नाही, दाब आत अडकून राहिलाय. काहीच फरक पडला नाही, चाक तसंच घट्ट, तर दाबाचा प्रश्न नाही, पिस्टन किंवा पिन किंवा पॅड अडकलाय. एवढंच. माझ्या गाडीला शेवटी कोपरखैरण्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी हे केलं, चाक बोटाने फिरायला लागलं, आणि ते माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘कॅलिपर कशाला बदललात हो?’’

होज होता. हा रबरी पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो, चीर नाही, गळती नाही, पण आतलं रबर जुनं होऊन सोलवटतं आणि त्याची पापडी उभी राहते, झडपेसारखी. तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा पायाचा जोर प्रचंड असतो, ऑइल पापडीला बाजूला सारून पुढे जातं. परत येताना मात्र मागे जोर कसला, तर त्या सीलच्या केसभर ओढीचा. ऑइल अडकतं, पॅड धरून राहतात. चार-पाच मिनिटांनी हळूहळू ऑइल झिरपतं आणि चाक मोकळं होतं, म्हणून गॅरेजला पोचेपर्यंत कधीकधी सगळं ठीक दिसतं आणि आपल्यालाच वेड्यात काढतात. होजवर खात्री करायची तर जिथे लोखंडी पाइप होजला जोडलाय तो जोड सैल करून बघतात, तिथे सैल केल्यावरही चाक घट्टच आणि निप्पलपाशी केल्यावर मोकळं, म्हणजे अडथळा त्या दोघांच्या मधे, होजमध्ये. होज कॅलिपरच्या मानाने किरकोळ किमतीचा असतो, हे लिहितानाही जरा दुखतंय.

एक खूण आधीपासून डोळ्यासमोर होती, माझे काढलेले पॅड. आतला आणि बाहेरचा दोन्ही अगदी सारखे झिजलेले, फक्त उजव्या चाकाच्या मानाने खूप जास्त. म्हणजे कॅलिपर नीट सरकत होता, पिस्टन नीट ढकलत होता, नुसता दाब सुटत नव्हता. याउलट आतला पॅड पार संपलाय आणि बाहेरचा जवळपास नवा, तर पिना किंवा पिस्टनवर संशय घ्या. एकच पॅड एका टोकाला पाचरीसारखा तिरका झिजलाय तर बहुतेक दोनपैकी एक पिन अडकलीय. म्हणून गॅरेजवाल्याकडून जुने पॅड मागून घ्या आणि कुठला कुठे होता ते विचारा. जुने पॅड फेकून देणारा मिस्त्री पुरावा फेकून देतोय.

दोन्ही पुढची चाकं किंवा तिरक्या जोडीतली दोन, म्हणजे डावं पुढचं आणि उजवं मागचं असं एकदम धरत असेल तर मास्टर सिलिंडरकडे बघा. बऱ्याच गाड्यांत ब्रेकचे दोन मार्ग असे तिरके वाटलेले असतात. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं, पेडल पूर्ण वर आल्यावर ते उघडं राहतं आणि गरम होऊन फुगलेलं ऑइल त्यातून वरच्या ऑइलच्या डब्यात परत जातं. पेडलला अजिबात खेळ ठेवला नाही, कुणी ब्रेक लाइटचा स्विच किंवा रॉड चुकीचा सेट केला, की ते भोक झाकलेलं राहतं. मग सकाळी गाडी मस्त, आणि ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास काढला की ब्रेक आपोआप आवळत जातात, गार झाली की परत मोकळी. हे लक्षण ऐकलं की लोक कॅलिपर बदलतात.

आता लोखंडाकडे. पिना अडकल्या असतील तर हे सगळ्यात स्वस्त काम, पण सगळ्यात जास्त बिघडवलेलंही. पिन ओढून काढा, जुनं ग्रीस मेणासारखं कडक झालेलं असतं, ते पिनेवरून आणि भोकातूनही पूर्ण काढा. वर-खालच्या पिना बऱ्याचदा वेगळ्या असतात, एकीच्या टोकाला रबरी बुश असतो, त्यामुळे काढतानाच फोटो काढून ठेवा. गंजाचे खड्डे पडलेत तर पिन नवीन घ्या, घासून गुळगुळीत केलेली पिन बारीक होते आणि खडखडते. आणि ग्रीस ब्रेकचंच, सिलिकॉन किंवा सिंथेटिक. बेअरिंगला लावतात ते साधं एमपी (मल्टिपर्पज) ग्रीस अजिबात नाही. ब्रेकमधलं रबर ब्रेक ऑइलला टिकतं पण पेट्रोलियमच्या तेलाने फुगतं, म्हणजे आज पिन लोण्यासारखी सरकेल आणि काही महिन्यांत बुश फुगून आधीपेक्षा घट्ट बसेल. ‘ग्रीस मारून दिलं साहेब’ म्हणतात त्यात कुठलं ग्रीस हे कुणी सांगत नाही. शिवाय थापून भरायचं नाही, पातळ थर बस्स, जास्त भरलं तर पिन आत जाताना ग्रीस आणि हवा कोंडून पिन परत बाहेर ढकलली जाते. पिनेवरचे रबरी बूट, म्हणजे पाणी-धूळ अडवणारी टोपणं, फाटलेले असतील तर बाकी सगळं व्यर्थ, पहिल्या पावसात पाणी आत.

ब्रॅकेटचं थोडक्यात. पॅडचे दोन्ही कान ज्या खाचेत बसतात तिथे पातळ स्टीलच्या क्लिपा असतात, आणि गंज त्यांच्या खाली धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे क्लिप वर उचलली जाते आणि पॅड आवळला जातो. क्लिपा काढून खालचं तारेच्या ब्रशने घासायचं. पॅड बोटाने ढकलून सरकायला हवा, हातोडी लागली तर काम झालेलं नाही. ती काळी धूळ मात्र तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, पॅड कशाचे बनलेत माहीत नसतं, ब्रेक क्लीनर मारून ओलीच पुसा. आणि सोडलेला कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा.

पिस्टन. जुना पॅड मधे ठेवून सी-क्लॅम्पने, म्हणजे छोट्या शिकंज्याने, हळूहळू मागे दाबा. चांगला पिस्टन कुरकुर न करता एकसारखा जातो, गंजलेला मधेच थांबतो, मग दचकून सरकतो. दाबताना वरच्या डब्यातलं ऑइल चढतं, डबा काठोकाठ असेल तर बॉनेटखाली सांडेल, आणि ब्रेक ऑइल रंग उचलून काढतं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. पिस्टनभोवतीचा धुळीचा रबरी बूट फाटलाय का ते बघा. तो फाटला की पाणी पिस्टनच्या बाहेर आलेल्या भागावर बसतं, तिथे गंज धरतो, आणि नवीन पॅड टाकताना तोच गंजलेला भाग सीलमधून आत ढकलला जातो. म्हणून ‘पॅड बदलल्यापासून धरतोय’ असं लोक म्हणतात, आणि खोटं नसतं ते.

रिपेअर करायचा तर सील आणि बूटचं किट मिळतं, पण आपल्या मॉडेलचंच घ्या. पिस्टन बाहेर काढायला सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे होज जोडलेला असतानाच पेडल हळूहळू दाबून ऑइलच्याच दाबाने तो बाहेर आणणं, समोर लाकडाचा तुकडा ठेवून. कॉम्प्रेसरची हवा मारली तर पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि मधे बोटं असली तर पुढचं सांगायला नको. पिस्टन पुसून त्यावर नख फिरवा. नख अडकलं म्हणजे खड्डा, म्हणजे पिस्टन गेला, पॉलिश पेपरने खड्डा जात नाही, फक्त वरचा क्रोम जातो. जिथे सील बसतं ती खाच लाकडी काडीने साफ करा, स्क्रू ड्रायव्हरने ओरखडू नका. खाचेच्या तळाशी साचलेला गंज सीलला मागून रेटतो, सील पिस्टनला जास्त घट्ट आवळतं आणि मग खोडरबरासारखं मागेपुढे व्हायला त्याला जागाच राहत नाही. किट टाकूनही धरतो त्याचं कारण पुष्कळदा ही न साफ केलेली खाच असते. नवीन सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवा, पिस्टन अंगठ्यांनी सरळ दाबून आत जायला हवा.

पिस्टन ज्यात सरकतो त्या कॅलिपरच्या सिलिंडरच्या आतच खड्डे असतील, निप्पल तुटून आत राहिलं असेल, पिनेचं भोक खराब झालं असेल, तर सरळ नवीन कॅलिपर. इथे हट्ट करण्यात अर्थ नाही. माझं मत विचाराल तर ज्याने आयुष्यात कधी ब्रेक उघडला नाही त्याने पिना आणि ब्रॅकेटपर्यंत थांबावं, पिस्टनचं काम जाणकाराकडून समोर उभं राहून करून घ्यावं. नवीन बसवताना डावा-उजवा बघा, निप्पल वरच्या बाजूला यायला हवं. उलटा बसवला तर बसतो कधीकधी, पण निप्पल खाली जातं, हवा वर राहते आणि जन्मभर एअर काढत बसलात तरी पेडल स्पंजासारखंच. होजच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर नवीन टाका. पॅड मात्र दोन्ही चाकांचे एकदम. डिस्कची कमीत कमी जाडी किती चालते हे बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं, आणि तापून निळसर डाग पडलेत, ब्रेक मारताना पेडल थरथरतंय तर तीही गेली समजा.

मागे डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल तर क्लॅम्पने दाबू नका, त्यातले बरेच पिस्टन फिरवून आत जातात. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकावा लागतो, नाहीतर त्याची मोटर बिघडू शकते.

ब्रेक ऑइल हा विषय लोक टाळतात. ते हवेतली ओल ओढून घेतं, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, त्याच जातीचं. आपण ठाण्याच्या खाडीकाठी राहणारी माणसं, खाडीतले फ्लेमिंगो बघायला बरे वाटतात पण तीच खारी, दमट हवा लोखंड बाहेरून खाते आणि ओल धरलेलं ऑइल आतून. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. डॉट ४ ऑइल नवीन असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळायला नको असा नियम आहे, ३.७ टक्के पाणी शिरलं की ती मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चं तेच २०५ आणि १४०. धरलेला कॅलिपर आणि जुनं ऑइल घेऊन घाट उतरला तर ऑइल उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पार तळाला टेकतं. बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात, आपलं मॅन्युअल बघा. मागच्या वर्षीची उघडी अर्धी बाटली मात्र टाकून द्या.

एअर काढताना मी धाकट्या भावाला आत बसवलं. ‘‘दाब. धरून ठेव. अरे सोडू नकोस अजून!’’ निप्पल बंद केल्यावरच पाय उचलायचा, नाहीतर हवा परत आत. पेडलखाली लाकडाची फळी ठेवा म्हणजे ते पार तळाला जाणार नाही, जुन्या मास्टर सिलिंडरचं सील रोज न जाणाऱ्या गंजक्या भागात घासलं की फाटतं. डब्यातलं ऑइल मधेमधे भरत राहा. चारही चाकांचं काढायचं तर साधारण सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ते डावं मागचं, पण क्रम मॅन्युअलमध्ये वेगळा दिला असेल तर तो पाळा. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, युनिटमध्ये हवा गेली तर काही गाड्यांना स्कॅनर लावावाच लागतो.

आणि चाक बसवून गाडी सुरू करायच्या आधी पेडल दहा-बारा वेळा मारा, कडक लागेपर्यंत. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये समोर भिंत असते.

पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी नारिंगी थर दिसला तर घाबरू नका, दोन ब्रेकमध्ये पुसला जातो. बाइकवाल्यांनी मात्र पुढच्या डिस्कचं हे सगळं जास्त मनावर घ्या, पावसात पुढचं चाक धरलं तर तोल सावरायला वेळ मिळत नाही.

होज दोन्ही बाजूंचे बदलले, नवीन ऑइल भरलं, दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने आलो आणि गेटवर उतरून दोन्ही चाकांजवळ हात नेला, दोन्ही सारखीच कोमट. काढलेला जुना कॅलिपर मी नंतर हौसेने उघडला, पिस्टन चकचकीत, पिना सरळ, आत एक खड्डा नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून बाल्कनीत ठेवलाय. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे याच मॉडेलची गाडी आहे, त्यांनी आत्तापासूनच मागून ठेवलाय.